कृष्णविनोदाचा स्वीकार आणि समीक्षेचे मौन : ‘जाने भी दो यारों’च्या निमित्ताने

कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारों’ हा हिंदी चित्रपट ऑगस्ट १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अर्थसाहाय्याने, सात लाख रुपयांहूनही कमी खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने चित्रपटगृहांत फारशी खळबळ उडवली नाही. पुढे मात्र तो हिंदीतील सर्वश्रेष्ठ विनोदी चित्रपटांपैकी एक मानला जाऊ लागला. उपेक्षेकडून लोकप्रियतेकडे झालेल्या या प्रवासाची हकिगत आता सर्वपरिचित आहे व ती सामान्यतः समाधानाच्या सुरात सांगितली जाते. प्रारंभी ज्याची कदर झाली नाही, त्याला अखेर न्याय मिळाला, असा तिचा आशय असतो. परंतु हा न्याय नेमक्या कोणत्या चित्रपटाला मिळाला, हा प्रश्न त्या हकिगतीत उपस्थित होत नाही. १९८३ मध्ये कुंदन शाह यांनी जो चित्रपट केला तो, आणि गेली चार दशके ज्यावर प्रेम केले जात आहे तो, हे दोन्ही एकच आहेत काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा हे दोन होतकरू छायाचित्रकार मुंबईत ‘ब्यूटी फोटो स्टुडिओ’ थाटतात. धंदा बेताचाच असतो. ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादक शोभा सेन त्यांना बांधकाम व्यावसायिक तरनेजा आणि महापालिका आयुक्त डिमेलो यांच्या संगनमताचे पुरावे गोळा करण्याचे काम देते. एका छायाचित्रस्पर्धेसाठी उद्यानात काढलेल्या छायाचित्राचे मोठे रूप तयार करताना त्यांना त्यात एक खून दिसतो. तरनेजाने डिमेलोला ठार केलेले असते. पुढे डिमेलोचे प्रेत या दोघांच्या हाती लागते, हरवते, पुन्हा सापडते आणि ते मिळवण्यासाठी तरनेजा, त्याचा प्रतिस्पर्धी आहुजा, नवा आयुक्त, पोलीस आणि शोभा सेन असे सारेच धावू लागतात. एका रंगमंचावर चाललेल्या महाभारताच्या प्रयोगात हा पाठलाग संपतो. दरम्यान उड्डाणपूल कोसळतो. शेवटी सर्व प्रतिष्ठितांची आपापसांत तडजोड होते आणि पुलाच्या अपघाताचा दोष त्या दोन छायाचित्रकारांच्या माथी मारला जातो.

मराठीत ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. या चित्रपटाच्या उत्तरार्धाचे इतके चपखल वर्णन अन्य कोणत्या शब्दांत करता येईल, याची शंकाच वाटते. जिवंतपणी लाचखोर असलेला आयुक्त मेल्यावर प्रत्येकाचे भांडवल होतो, आणि प्रेक्षक या भांडवलाच्या ओढाताणीला मनमुराद हसतो. हे हसणे कोणत्या जातीचे आहे, यावर सारे काही अवलंबून आहे.

दोन मोजपट्ट्या

या चित्रपटाच्या निर्मितीमागे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली एक पिढी होती. कुंदन शाह स्वतः, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह, छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा हे सारे त्या संस्थेचे विद्यार्थी. म्हणजे मंडळी समांतर चित्रपटाची, पैसाही समांतर चित्रपटाला पोसणाऱ्या महामंडळाचा; चित्रपट मात्र समांतर चित्रपटाच्या कोणत्याही लक्षणात न बसणारा. समांतर चित्रपटाची प्रतिज्ञा वास्तवाची होती. त्याची गती संथ, मुद्रा गंभीर आणि सहानुभूतीचा केंद्रबिंदू निश्चित असे. येथे मात्र दारूच्या नशेतला आहुजा रस्त्यावरच्या शवपेटीला बिघडलेली मोटार समजून आतल्या प्रेताशी संभाषण करतो. अशा प्रसंगांची संगती चित्रीकरणाच्या वेळी आपल्याला लागत नव्हती, असे नसीरुद्दीन शाह यांनीच नंतर मुलाखतींमधून सांगितले आहे. ज्या अभिनेत्याला या चित्रपटाचा चेहरा मानले जाते, त्याचीच ही स्थिती असेल, तर प्रेक्षक व समीक्षक गोंधळले यात नवल नाही.

दुसरी मोजपट्टी लोकप्रिय विनोदी चित्रपटाची. हृषीकेश मुखर्जी, बासू चटर्जी, सई परांजपे यांनी मध्यमवर्गीय जीवनातील स्निग्ध विनोदाचे एक वळण घालून दिले होते. रवी बासवानी यांचे नाव सई परांजपे यांच्या ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) मुळे याच परंपरेशी जोडले गेले होते. या परंपरेत घोटाळे होतात ते निस्तरण्यासाठी, आणि ते निस्तरले की हास्याचे चीज होते. ‘जाने भी दो यारों’मध्ये घोटाळा निस्तरला जातो तो खलनायकांच्या सोयीने.

संस्थात्मक पातळीवर या चित्रपटाचे जे स्वागत झाले, ते या दोन मोजपट्ट्यांच्या कात्रीत सापडलेले दिसते. कुंदन शाह यांना दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; रवी बासवानी यांना विनोदी भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पहिल्या पुरस्काराने पदार्पणाची दखल घेतली, दुसऱ्याने विनोदाची. दोन्ही योग्यच होते. तरीही ज्या पात्राचा शेवट तुरुंगाच्या कपड्यांत होतो व जे चित्रपटाच्या दोन नायकांपैकी एक आहे, त्याचे वर्गीकरण ‘विनोदी भूमिका’ या खान्यात व्हावे, ही गोष्ट पुढच्या साऱ्या स्वीकाराची नांदी ठरली.

त्याच वर्षीचा ‘अर्धसत्य’ या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपटही मुंबईचाच, सत्ता व गुन्हेगारी यांच्या युतीचा, आणि त्यातही ओम पुरीच. ‘अर्धसत्य’ कसा पाहावा, याविषयी समीक्षेच्या मनात संदेह नव्हता. त्यातील संतापाला एक वाट मिळते; नायक हत्या करतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. त्यात शोकात्म नायकाचे सारे विधी पूर्ण होतात. ‘जाने भी दो यारों’मध्ये संतापायलाच कोणी उरत नाही. एकाच शहराविषयी, एकाच वर्षी केलेल्या या दोन विधानांपैकी समीक्षेने एकाला ‘विधान’ मानले आणि दुसऱ्याला ‘गंमत’. यात गंभीर मुद्रेलाच गांभीर्य समजण्याची आपल्या समीक्षेची जुनी सवय दिसते.

‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञाही या ठिकाणी जपून वापरावी लागते. अमेरिकेत ती मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर, खाजगी पैशातून उभ्या राहणाऱ्या चित्रपटासाठी रूढ झाली. भारतात १९८३ च्या सुमारास बाजारापासून स्वतंत्र होणे म्हणजे बहुधा शासनाच्या आधाराला जाणे होते. ‘गांधी’ (१९८२) या भव्य चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी झालेल्या महामंडळानेच या लहानशा चित्रपटालाही पैसा दिला. शासनाच्या पैशाने शासन पोखरलेले दाखवावे आणि शासनानेच त्याला पुरस्कार द्यावा, हा विरोधाभास उदारमतवादाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. त्याला दुसरीही बाजू असू शकते. ज्याचे हसे झाले त्यानेच टाळ्या वाजवल्या, की घाव घावच राहत नाही.

निर्विष विनोदाची सवय

‘ब्लॅक कॉमेडी’साठी मराठीत ‘कृष्णविनोद’ किंवा ‘काळा विनोद’ असे प्रतिशब्द वापरले जातात. ही संज्ञा आंद्रे ब्रेताँ याने १९४० मध्ये सिद्ध केलेल्या संकलनामुळे युरोपात प्रतिष्ठित झाली. मृत्यू, हिंसा, विटंबना यांना हसण्याचा विषय करणे एवढाच तिचा अर्थ घेतला, तर तो अपुरा ठरतो. उपहासात उपहास करणाऱ्याच्या पायाखाली जमीन असते. समोरचे कसे असावयास हवे याची त्याला खात्री असते, आणि हसणारा वाचक वा प्रेक्षक त्याच्या बाजूला उभा असतो. कृष्णविनोद ही जमीनच काढून घेतो. हसणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला आहोत हे हसून झाल्यावर कळते.

मराठी विनोदविचारात ‘निर्विष विनोद’ हे दीर्घकाळ गौरवाचे बिरुद राहिले आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावापासून पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्तिचित्रांपर्यंत ज्या विनोदाने मराठी मन घडवले, त्याची थोरवी सांगताना हा शब्द हमखास येतो. त्या विनोदाची थोरवी मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्याने लावलेली सवय दुसऱ्या जातीचा विनोद ओळखण्याच्या आड येते. ‘जाने भी दो यारों’विषयीच्या रसिक चर्चेत ‘निखळ’, ‘धमाल’, ‘पोट धरून हसवणारा’ ही विशेषणे ज्या सहजतेने येतात, त्यावरून विषाची चवच लागली नसावी असे वाटते. भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेषालंकाराचा निर्देश केला आहे. प्रेताला साडी नेसवणे हा त्याचा पराकोटीचा प्रकार होय. पण त्या साडीखाली बीभत्साचा विभाव आहे, हे हसणारा विसरत नाही, निदान त्याने विसरू नये, अशी या चित्रपटाची रचना आहे.

दूरदर्शनचा पडदा

चित्रपटगृहांत न जमलेला प्रेक्षक या चित्रपटाला दूरदर्शनने मिळवून दिला, याविषयी मतभेद नाहीत. परंतु दूरदर्शनने केवळ प्रेक्षक दिला नाही; पाहण्याची रीतही दिली. कुंदन शाह हे नाव घरोघरी पोहोचले ते ‘ये जो है जिंदगी’ (१९८४), ‘नुक्कड’ (१९८६) आणि ‘वागले की दुनिया’ (१९८८) या मालिकांमुळे. पहिल्या मालिकेत सतीश शाह दर भागात नव्या रूपात येत. तिसरी आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या जगावर उभी होती. या मालिकांत विनोद होता, बोचही होती, पण त्या बोचेवर मायेची साय होती. वागले दिवसभर व्यवस्थेशी झगडून संध्याकाळी घरी येतो, आणि घर जाग्यावर असते. ज्या प्रेक्षकाने आधी वागलेला आपले म्हटले व मग दूरदर्शनवर विनोद आणि सुधीर यांना पाहिले, त्याने त्या दोघांनाही वागलेच्याच शेजारी बसवले असल्यास त्याला दोष देता येणार नाही. लेखकाच्या उत्तरकालीन सौम्य कृतीने पूर्वीची कठोर कृती झाकली जाण्याचा हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. घरात, येता-जाता, अर्धवट पाहिलेला चित्रपट प्रसंगांच्या रूपाने लक्षात राहतो. एकाच खोलीत पाठ करून बसलेले दोघे दूरध्वनीवर एकमेकांशीच बोलतात तो प्रसंग. केक थोडा खावा आणि बाकीचा टाकून द्यावा हीच प्रगत देशाची खूण, असे मानणाऱ्या आयुक्ताचा प्रसंग. शवपेटी आणि आहुजा. आणि अर्थातच महाभारत. पुढे आंतरजालावरील चित्रफितींनी हे तुकडे आणखी सुटे केले. महाविद्यालयांत माध्यमविषयक अभ्यासपत्रिका शिकवताना या चित्रपटाचा जो अंश दाखवला जातो, तोही बहुधा महाभारताचाच. तुकड्यांत सर्व काही येते, शेवट मात्र येत नाही. कारण तो सुटा काढला तर त्यात हसण्यासारखे काही नाही, आणि आधीच्या हसण्याशिवाय त्याला अर्थही नाही. या चित्रपटाचा मध्य पसरट आहे, पाठलागाचे काही प्रसंग लांबले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. रेणू सलुजा यांनी बरेच काही कापूनही तो उरतो. अनुपम खेर यांची एक संपूर्ण भूमिका या कापाकापीत गेली. पण हे प्रदीर्घ हसू शेवटच्या काही मिनिटांचे मूल्य म्हणून वसूल होते. तुकडे पाहणारा ते मूल्य चुकते करीत नाही.

पुरावा, सभा आणि प्रेत

खून ज्या उद्यानात होतो, त्याचे नाव ‘अँटोनियोनी पार्क’ आहे. मिकेलांजेलो अँटोनियोनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) या चित्रपटाला केलेला हा मुजरा आहे, हे प्रत्येक लेखात नोंदवले जाते आणि बहुधा तेथेच सोडून दिले जाते. वस्तुतः या ठिकाणी मुजऱ्यापेक्षा वादच अधिक आहे. ‘ब्लो-अप’मधील छायाचित्रकाराला छायाचित्रात प्रेत दिसते, पण छायाचित्र जसजसे मोठे करावे तसतसे ते ठिपक्यांत विरत जाते, पुढे प्रेतही नाहीसे होते, आणि आपण पाहिले ते खरे होते काय, हा प्रश्न उरतो. युरोपच्या आधुनिकतावादाला पडलेला हा प्रश्न आहे. कुंदन शाह यांच्या छायाचित्रकारांना असा कोणताही प्रश्न पडत नाही. छायाचित्र स्वच्छ आहे, खुनी ओळखू येतो, प्रेत तर इतके ठोस आहे की ते हलवताना घाम फुटतो. पुराव्यात तिळमात्र संदिग्धता नाही, आणि तरीही त्या पुराव्याचा काही उपयोग नाही. दृश्य सत्य आहे की भास, ही चैन युरोपात चित्रपट करणाऱ्याला परवडते. मुंबईत सत्य सर्वांना ठाऊक आहे आणि प्रत्येकजण त्याची किंमत ठरवीत आहे. हा भेद दुर्लक्षून ‘ब्लो-अप’चा उल्लेख करणे म्हणजे केवळ बहुश्रुततेचे प्रदर्शन होय.

महाभारताच्या प्रसंगाची गोष्टही अशीच आहे. त्याची स्तुती अमाप झाली. त्याचे विश्लेषण मात्र संयोजनकौशल्याच्या, विनोदी वेळेच्या आणि अभिनेत्यांच्या उत्स्फूर्ततेच्या पलीकडे क्वचितच गेले. मराठी अभ्यासकाला येथे काही अधिक दिसावयास हवे. पुराणकथेच्या सोंगात वर्तमान घुसवण्याची रीत आपल्याकडे तमाशाच्या गवळणीत व वगात आहे. कोकणच्या दशावतारातही आहे. देव रंगमंचावर येतो आणि गावच्या भाषेत बोलू लागतो, तेव्हा पुराणाची विटंबना होत नाही, पुराण गावात येते. ‘जाने भी दो यारों’मध्येही द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग चालू असताना प्रेताचा शोध घेणारे एकामागून एक वेष चढवून रंगमंचावर येतात. आहुजा भीम होतो. प्रेत द्रौपदी झालेले असते. खेळ भरकटत जाऊन त्यात शेवटी सलीम, अनारकली आणि अकबरही शिरतात. वगातील बतावणीशी नाते सांगणारी ही रचना आहे.

परंतु येथे आणखी एक गोष्ट घडते. मूळ महाभारतात सभापर्वाचा हा प्रसंग द्रौपदीच्या प्रश्नावर उभा आहे. स्वतःला हरलेल्या माणसाला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असे ती भर सभेत विचारते. भीष्मासारखा धर्मज्ञ निरुत्तर होतो आणि तिच्या प्रश्नाचा सभेत निर्णय होत नाही. वस्त्रहरणाइतकाच, किंबहुना अधिक, तो प्रसंग या अनुत्तरित प्रश्नाचा आहे. कुंदन शाह यांच्या सभेत द्रौपदी प्रेत आहे. ती प्रश्न विचारू शकत नाही. तिचे वस्त्र राखण्यासाठी जे झटत आहेत, त्यांना तिच्या अब्रूचे काही देणेघेणे नाही. त्यांना हवे आहे ते वस्त्राखालचे कलेवर. आणि संपूर्ण सभेत ‘हे काय चालले आहे’ असे पुनःपुन्हा विचारणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे आंधळा धृतराष्ट्र. त्याच्या प्रश्नाला चित्रपटातील प्रेक्षक हसतो, चित्रपटगृहातील प्रेक्षकही हसतो. तो प्रश्न वास्तविक योग्य आहे, किंबहुना त्या क्षणी विचारण्याजोगा तोच एक प्रश्न आहे, हे हसण्याच्या ओघात निसटते. निसटावे अशीच योजना आहे. समीक्षेने मात्र ते पकडावयास हवे होते.

शोभा सेनचे काय झाले?

या चित्रपटाविषयीच्या लेखनात सर्वांत मोठे मौन आहे ते शोभा सेनविषयी. ही भूमिका भक्ती बर्वे यांनी केली आहे. मराठी प्रेक्षकाच्या मनात त्यांचे नाव ‘ती फुलराणी’शी इतके घट्ट बांधलेले आहे, की त्यांच्या या हिंदी भूमिकेची आठवण मराठीतही आवर्जून निघत नाही. हिंदी-इंग्रजी लेखनात तरनेजा, आहुजा, डिमेलो यांच्यावर परिच्छेदच्या परिच्छेद आढळतात. शोभा सेन कथानकाच्या सारांशात येते आणि जाते.

तिचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची मुंबई आठवावी लागेल. सिमेंटच्या वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या आरोपांवरून मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्याविरुद्ध अरुण शौरी यांचे वृत्तान्त ‘इंडियन एक्स्प्रेस’ने १९८१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांनी राजीनामा दिला. शोधपत्रकारितेच्या प्रतिष्ठेचा हा उत्कर्षबिंदू होता. लेखणीने मुख्यमंत्री पायउतार होऊ शकतो, हे नुकतेच सिद्ध झाले होते. अशा वेळी, त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने पडद्यावर आलेल्या चित्रपटात सिमेंट, पूल आणि पालिका यांचा भ्रष्टाचार उघडा करणारी संपादक प्रत्यक्षात त्या पुराव्यांचा सौदा करीत असते. तिच्या नियतकालिकाचे नाव ‘खबरदार’ आहे. प्रारंभी ते वाचकांना दिलेला इशारा वाटते. नंतर कळते, की तो गिऱ्हाइकांना दिलेला इशारा आहे.

जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) मधील दिगू टिपणीस येथे आठवतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील त्या चित्रपटात निळू फुले यांनी साकारलेला हा पत्रकार सत्तेचा खेळ जवळून पाहतो, त्यात काही करू शकत नाही, आणि अखेर त्याचा तोल ढळतो. त्याचे वेड हे त्याच्या विवेकाचे अखेरचे चिन्ह आहे. ‘सिंहासन’च्या प्रेक्षकाला सभागृहातून बाहेर पडताना निदान दिगूचा हात धरता येतो. शोभा सेनचा तोल कधीच ढळत नाही. भक्ती बर्वे यांनी ही भूमिका ज्या आर्जवी, आस्थेवाईक स्वरात केली आहे, त्यामुळे विनोद आणि सुधीर यांच्याइतकाच प्रेक्षकही तिच्यावर विश्वास टाकतो. तरनेजा पहिल्या दृश्यापासून खलनायक आहे. त्याच्याकडून फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती शोभाकडून.

‘जाने भी दो यारों’ हा ‘भ्रष्टाचारावरील उपहासात्मक चित्रपट’ आहे, हे वर्णन तिच्याशिवाय पूर्णपणे चालून जाते. बांधकाम व्यावसायिक आणि आयुक्त यांच्यावर हसताना लिहिणारा व वाचणारा दोघेही सुरक्षित असतात. शोभा सेनला मध्यवर्ती मानले, की ही सुरक्षितता संपते. कारण चित्रपटांविषयी लिहिणारे बहुतांश लेखन नियतकालिकांतूनच होते, आणि सत्य बाहेर काढणाऱ्यालाच सत्य विकता येते, हे या चित्रपटाचे सर्वांत कडू म्हणणे त्याच व्यवसायाला उद्देशून आहे. हे मौन जाणीवपूर्वक आहे असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याविषयी आहे असे समजून हसणे, हा माणसाचा जुना स्वभाव आहे.

जय अर्जुन सिंह यांचे या चित्रपटावरील इंग्रजी पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रथमच त्याच्या निर्मितीची सविस्तर हकिगत व प्रसंगवार वाचन उपलब्ध झाले. त्याने चर्चेला निश्चित आधार दिला, हे ऋण मान्य करावे लागेल. २०१२ मध्ये चित्रपटाची नवी प्रत चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली. तेव्हापासून एक नवा सूर ठळक झाला. असा चित्रपट आज काढता येणार नाही, हा तो सूर होय. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुंदन शाह यांनी याच चित्रपटासाठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार परत केला, तेव्हा त्यांनी स्वतःही हेच बोलून दाखवले होते. त्यांच्या तोंडी ते निषेधाचे वाक्य होते. इतरांच्या लेखनात मात्र ते हळूहळू स्मरणरंजनाचे वाक्य झाले. ‘तेव्हा किती मोकळीक होती’ असे म्हणताना, त्या मोकळिकीत काढलेल्या चित्रपटाने तेव्हाविषयी काय सांगितले होते, याचा विसर पडतो. १९८३ मध्येही सर्व काही कुजलेलेच आहे, असे तो चित्रपट म्हणत होता. त्याच काळाचा उल्लेख सुवर्णकाळ म्हणून करण्यासाठी त्याच चित्रपटाचा दाखला द्यावा, यातही एक कृष्णविनोद आहे.

स्मरणरंजनाला मृत्युलेखांनीही हातभार लावला. २०१० मध्ये रवी बासवानी, २०१७ मध्ये ओम पुरी आणि कुंदन शाह, २०२३ मध्ये सतीश कौशिक, २०२५ मध्ये सतीश शाह असे एकेक जण गेले, आणि प्रत्येक वेळी चित्रपटाची आठवण ओल्या डोळ्यांनी काढली गेली. पूल कोसळला, की अशीच आठवण दुसऱ्या अंगाने निघते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून माणसे दगावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून शंभराहून अधिक बळी गेले. अशा वेळी चित्रपटाला ‘द्रष्टा’ म्हटले जाते. पण द्रष्टेपण कशातले, याचा नीट उच्चार होत नाही. पूल पडेल, हे सांगायला द्रष्टा लागत नाही. पूल पडल्यावर काय होईल, कोण कोणाबरोबर बसेल आणि कोणाला उभे केले जाईल, हे चित्रपटाने सांगितले होते.

अखेरच्या तडजोडीच्या दृश्यात शोभा सेन त्याच पंक्तीला आहे. त्यानंतर विनोद आणि सुधीर कैद्यांच्या कपड्यांत गर्दीच्या रस्त्यावरून चालत येतात. पार्श्वभूमीला ‘हम होंगे कामयाब’ ऐकू येते. गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेले, शाळाशाळांतून मुलांकडून म्हणवून घेतले जाणारे हे गीत याच दोघांनी आधी उमेदीच्या क्षणी म्हटलेले असते. आता ते म्हणत नाहीत. गीत त्यांच्यावरून वाहत जाते. मग कॅमेऱ्याकडे पाहून गळा कापल्याची खूण केली जाते. तो गळा त्यांचा आहे की समोर बसलेल्याचा, हे चित्रपट सांगत नाही. तोवर बहुतेकांचे हसू ओठांवरच असते.